बिब्ब्याएवढे अंतर

जो विटेवर उभा राहिला आणि उभा राहूनच साऱ्या जगाचा आधार झाला, त्या पंढरीनाथाच्या समचरणांवर आधी मस्तक ठेवू या. देवा, धावणे सगळ्यांनाच येते. कुठे थांबावे हे तुझ्यावाचून कोणी शिकवत नाही. वाणी चालते ती तुझ्या सत्तेने, आणि वाणीला अडावे कुठे हे कळते तेही तुझ्याच दयेने. ती दया पदरात घेऊन आता एका बाईचे नाव घेऊ. ती गडाची राणी नव्हे आणि मठाची स्वामिनीही नव्हे. राहुरी तालुक्यात देवळाली प्रवऱ्याला, उसाच्या फडांना लागून असलेल्या पत्र्याच्या घरात ती राहते. तिचे नाव मनकर्णा.

मनकर्णेच्या ओसरीत, खिडकीजवळ, जिथे पूर्वी शिलाईचे यंत्र होते तिथे आता लोखंडी ट्रंकेएवढी एक पेटी आहे. वर नारिंगी झाकण, मागून खिडकीबाहेर काढलेला धुराचा नळ. पेटीच्या आत दोन रुळांवर एक लहानसे डोके फिरते, आणि त्या डोक्यातून प्रकाशाची सुईसारखी धार खाली उतरते. ती धार लाकूड कापते, कोरते, जाळते. मुलगी रेश्मा हिने शिकताना हे लेझरचे यंत्र घेतले होते. पुण्याला नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "आई, ही नुसती धूळ खात पडेल. तू शीक." आणि आई शिकली. रुखवताची बैलगाडी, बालवाडीची अक्षरे, दारावरच्या पाट्या असे काय काय ती करू लागली. नवरा रामहरी कारखान्यावर टेम्पो चालवतो. तो पहिल्यांदा हसला, मग स्वतःच्या टेम्पोवर लावायला नावाची पाटी मागू लागला.

त्या यंत्राचा एक नेम होता, आणि मनकर्णेला तो देवपूजेच्या नेमासारखाच प्रिय होता. जागे झाले की ते डोके आधी मागच्या डाव्या कोपऱ्यात जाई. ते त्याचे घर. घराला टेकले की तिथून शून्य धरून ते सगळी मोजणी करी. वाटेत कशाला धक्का लागला, तर जागच्या जागी थांबून पीं-पीं ओरडे आणि मोबाईलवर अडथळ्याचा निरोप पाठवी. आणि लाकूड जाळण्याआधी एक लाल ठिपका कामाच्या कडेकडेने फिरवून दाखवी, की धार इथून इथवर पोचणार आहे. रेश्मा त्याला काही इंग्रजी नाव सांगत असे. मनकर्णा त्याला प्रदक्षिणा म्हणे. प्रदक्षिणा पाहिल्याशिवाय तिने कधी धार सोडली नाही.

आता या बाईच्या हातात अक्षर आले कुठून, ते ऐकावे. मनकर्णा जन्माने पाथर्डीकडची. आई-बाप ऊस तोडायला या भागात येत, फडाच्या कडेला पाचटाची कोपी घालून राहत. पोर दिवसभर मोकळी. त्या फडाच्या शेजारी बनुबाईचे घर होते. बनुबाईने पोरीला पहिल्या दिवशी भाकरी दिली आणि दुसऱ्या दिवशी अक्षर. पाटी नव्हती, म्हणून चुलीतली राख ताटात पसरली, पोरीचे बोट धरले आणि राखेत पहिला ग काढला. ग गाडीचा, गाडी उसाची! पोरीला ते लगेच पटले. अक्षर वाकडे आले की पोर ताटच फिरवून ते सरळ करू बघे. तेव्हा बनुबाई तिच्या पाठीत हलकी थाप देई आणि म्हणे, "ताट फिरवू नगं, मने. बोट कुठनं निघालं ते बघ."

पुढे बनुबाईनेच शब्द टाकला आणि मनकर्णा गोजरबाईच्या घरी सून होऊन आली. अक्षर दिले, अन्न दिले, घर दिले. अशा माणसाचे उतराई कसे व्हावे? होता येत नाही. पण हात जोडून बसवतही नाही.

बनुबाईचे यजमान भिमाजी मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचे पखवाजी होते. ते गेले. मागोमाग काचबिंदूने बनुबाईची दृष्टी गेली. यंदा नवरात्राच्या तोंडावर ती काठी टेकत मनकर्णेच्या ओसरीत आली. काखेत सागवानाची एक फळी होती, भिमाजीच्या पखवाजाच्या पेटीचे झाकण. पेटी वाळवीने खाल्ली होती, झाकण तेवढे राहिले होते. मधे जरा बाक आलेले, पण नसदार आणि पिवळेजर्द.

"मने," बनुबाई म्हणाली, "ह्यांचा पखवाजाचा एक तुकडा हुता. गजराच्या शेवटाला वाजवायचे. कुनाला शिकवला न्हाई, का कुनी शिकाया आलं न्हाई, देव जाने. आता तो फकस्त माझ्या कानात हाय. मी गेले की तोबी गेला."

"मग मी लिहून घेते की, मावशी."

"कागूद मला दिसतोय व्हय? ह्या फळीवर काढ. अक्षरं वर उचललेली, बोटाला लागतील अशी. माझं मी वाचीन, आन् ज्ञानेश्वरला सांगीन, वाजव म्हनून. कोजागिरीला सप्त्याची सांगता हाय. तवर हुईल का?"

ज्ञानेश्वर हा मंडळाचा आताचा पखवाजी. मनकर्णा म्हणाली, "हुईल."

म्हणाली खरे. पण फळी एकच होती. तशी दुसरी कुठल्याही वखारीत मिळणार नव्हती, कारण वखारीत भिमाजीच्या हाताचा घाम मिळत नाही. धार एकदा चुकीच्या जागी पडली की सागवान काही पुन्हा कोरे होणार नव्हते.

बनुबाईने बोल सांगितले, मनकर्णेने ते टिपले. आणि अक्षरे? मोबाईलमधली घोटीव अक्षरे तिला आवडेनात. तिने परातीत चुलीची राख पसरली आणि स्वतःच्या बोटाने एकेक बोल काढला. धा दिं ता, किट धा, तिट कत गदि गन धा. त्याचा फोटो काढून तिने यंत्राला दिला. अक्षरांभोवतीचे लाकूड जाळून काढायचे, म्हणजे अक्षर मधे उभे राहील. त्यासाठी त्याच जागेवरून धार पुन्हा पुन्हा फिरवावी लागणार होती. एका फेरीत जागा केसभर हलली, तर उभे राहिलेले अक्षर पुढच्या फेरीत धारेखाली मरणार होते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरात जे जे राबते त्याची पूजा. विळा, कोयता, पहार, टेम्पोचे चाक. गोजरबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन यंत्राकडे वळली तशी मनकर्णा धावत आली.

"आत्याबाई, कुंकू झाकनावर लावा. आत काय टाकू नका बरं, अक्षदासुदा न्हाई. रुळात तांदूळ गेला तर त्याचा पाय घसरंल."

"न्हाई टाकत गं बाई! तुझा देव लई सोवळ्याचा," गोजरबाई म्हणाली. झाकणावर ठसठशीत कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, हात जोडले. मनकर्णा अंघोळीला गेली.

दसरा पार पडल्यावर तिने यंत्र जागे केले. डोके घराकडे निघाले, कोपरा हातभर राहिला, वीतभर राहिला, आणि अगदी टेकणार तोच थांबून ओरडले. पीं-पीं. तिने पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. तिने रूळ पुसले, जाळी झटकली, कोपऱ्यात वाकून पाहिले. काही नाही. पुन्हा पीं-पीं.

रेश्माला फोन लावला. ती कामात होती. "आई, संध्याकाळी सविस्तर बघू. कशाला तरी अडतंय ते. तोवर काही बदलू नकोस हं."

"न्हाई बदलत."

पण कोजागिरी तोंडावर आली होती, आणि फेऱ्या पुष्कळ घालायच्या होत्या. मनकर्णेच्या मनाने युक्तिवाद सुरू केला. अडथळा दिसत तर नाही. मग यंत्रच भ्रमले असणार. उगाच ओरडते आहे. सज्जनहो, आपले मन असेच असते. जो सावध करतो, त्याचाच आपल्याला आधी कंटाळा येतो. तिने मोबाईलमध्ये शोधून अडथळा ओळखण्याची सोय बंद केली. राखणाऱ्याचेच तोंड बांधले!

आता डोके मुकाट्याने कोपऱ्याकडे गेले. बारीकसा टक असा आवाज झाला आणि ते उभे राहिले. ओरडले नाही.

गोजरबाई दारातून डोकावली. "झालं व्हय शहानं तुझं यंत्र?"

"झालं, आत्याबाई."

"मंग! पुजा केलीया म्हटलं," असे म्हणून म्हातारी कसल्याशा समाधानाने हसली आणि अंगणात शेंगा फोडायला बसली.

मनकर्णेने फळी आत ठेवली. जाळीवर तिने मागेच दोन खुंट्या बसवल्या होत्या. लाकूड त्यांना टेकवले की जागा चुकत नसे. झाकण लावले आणि प्रदक्षिणा सोडली. लाल ठिपका वरच्या कडेने निघाला, उजवीकडे गेला आणि फळीवरून उतरून खालच्या जाळीवर पडला. थोडासाच. शेंगदाण्याहून थोडा मोठा, एवढा.

"फळीच सरकली असंल," मनकर्णा स्वतःशी म्हणाली. तिने झाकण उघडले, फळी खुंट्यांपासून सोडवली आणि ठिपक्याच्या मापाने उजवीकडे घेतली. पुन्हा प्रदक्षिणा. आता ठिपका कडेकडेने नीट फिरला. सगळे जुळले. तिने डोळ्यांना चष्मा लावला. बोट सुरू करण्याच्या खुणेवर आले.

आणि त्या बोटाला राख आठवली.

आपण हे काय केले? अक्षर वाकडे आले, म्हणून ताट फिरवले! तिच्या पाठीत कुणीतरी हलकी थाप दिल्यासारखे झाले. ताट फिरवू नगं, मने. बोट कुठनं निघालं ते बघ. तिने बोट मागे घेतले. त्या क्षणी ओसरीत दुसरे कोणी नव्हते. होते ते इतक्या वर्षांपूर्वीचे एक वाक्य, आणि ते वाक्य ज्याने वेळेवर जागे केले तो.

बोट कुठून निघाले? यंत्राचे डोके निघते घरातून. मग घरच चुकले असेल तर? तिने फळी बाहेर काढून छातीशी धरली, मग नीट दिवाणावर ठेवली. जाळीवर खुंट्यांना टेकवून पुठ्ठा ठेवला. डोके पुन्हा घरी पाठवले, प्रदक्षिणा पाहिली. पुन्हा घरी पाठवले, पुन्हा पाहिली. ठिपका एका वेळी जिथे पडला, दुसऱ्या वेळी तिथे नव्हता. घर दर खेपेला वेगळे! म्हणजे पहिली फेरी जुळली असती आणि दुसरीने बनुबाईच्या कानातला तो एकुलता तुकडा जाळून टाकला असता.   मनकर्णेने बंद केलेली सोय मोबाईलमध्ये पुन्हा सुरू केली आणि डोके घराकडे सोडले. पीं-पीं. या खेपेला ती त्या आवाजावर रागावली नाही.

"सांग बाबा," ती म्हणाली, "तुला काय सलतंय?"

तिने यंत्राची वीज काढली. डोळ्याने पाहून झाले होते, म्हणून तिने डोळे मिटले आणि हात यंत्राच्या डोक्यामागे नेला, जिथे तारांचा काळा जुडगा होता. बोटे चाचपत गेली. एक गाठ लागली. दोऱ्याची. आणि दोऱ्याला काहीतरी गुळगुळीत, टणक. काळ्या तारांमागे काळ्या दोऱ्यात ओवलेला काळा बिब्बा! डोके कोपऱ्यात गेले की तो लोंबता बिब्बा मधे सापडे, कधी उभा, कधी आडवा, आणि घर तेवढे अलीकडे येई.

"आत्याबाई!"

गोजरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे कुनी बांधलं?"

"मी न्हाई."

"मग मारुतीनं येऊन बांधलं का?"

"तू आत काय टाकू नगं म्हनालीस," म्हातारी हळूच म्हणाली. "मी टाकलं न्हाई. बांधलं."

मनकर्णेला रागवावे की हसावे कळेना. "अहो, यंत्राला कसली नजर लागतीया? बनुमावशीची फळी जळाली असती ना!"

"यंत्राला कोन बांधतंय?" गोजरबाई एकदम उसळली. "यंत्र मेलं गेलं तर गेलं! तू दिवसभर त्या आगीच्या म्होरं बसतीस. आळीतल्या बाया येत्यात, बघत्यात, म्हनत्यात गोजराची सून लई हुशार. मला धाकधूक हुते. नात पुन्याला, ल्योक कारखान्यावर. मला तुझ्याबिगर कोन हाय गं?"

 मनकर्णेने दोरा सोडवला, म्हातारीपुढे गुडघे टेकले आणि आपला डावा हात पुढे केला. "मग हितं बांधा. जिला नजर लागंल तिलाच बांधा."

म्हातारीने गाठ मारली. वर दोनदा फुंकर घातली. आणि लगोलग म्हणाली, "आता ते नारिंगी झाकन बी उघडं ठिऊन बघत जाऊ नगं."

संध्याकाळी रेश्माने मोबाईलवर समोरासमोर येऊन सगळे नीट लावून दिले. डोके घरी पाठवायचे, पुठ्ठ्यावर फुली जाळायची, पट्टीने मोजायची, चूक असेल तेवढी यंत्राला सांगायची, पुन्हा फुली जाळायची. डोके आणि लाकूड यांच्यातली उंचीही पितळेच्या लहान ठोकळ्याने मापून घेतली. फुलीवर फुली अशी बसली की दुसरी दिसेना. सगळी हकिगत कळल्यावर रेश्मा हसून हसून बेजार झाली. "आजी, मला पण एक बिब्बा पाठव. इथे आमच्या साहेबांची नजर फार वाईट आहे."

"टेम्पोनं पाठवते," गोजरबाई म्हणाली. "तुला आन् तुझ्या सायबाला, दोघास्नी."

फळी परत खुंट्यांना टेकली. प्रदक्षिणा झाली. धार सुटली. सागाचा वास घरभर पसरला, आणि राखेतली अक्षरे लाकडातून हळूहळू वर येऊ लागली. काम अर्ध्यावर असताना जुन्या फळीच्या बाकाने दगा दिला. ऊब लागून एक ढलपी कडेला उचलली गेली आणि फिरत्या डोक्याच्या वाटेत आली. डोके तिला शिवले मात्र, जागीच थांबले. पीं-पीं. ते मुके असते तर ढलपी ओढत, फळी फरफटत गेले असते. मनकर्णेने झाकण उघडले, ढलपी अलगद कापून काढली, डोके घरी जाऊन शून्य धरून आले, आणि जिथे थांबले होते तिथूनच काम पुढे चालले. एक रेघही हलली नाही. मनकर्णेने यंत्राला नमस्कार केला. गोजरबाईने तो पाहिला. "बघ," ती म्हणाली, "मी पुजा केली तर मला अडवत हुतीस."

कोजागिरीला मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात सप्ताहाची सांगता झाली. गजर उतरला. बनुबाईला पुढे बसवले होते. मनकर्णेने फळी तिच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला सरकली. 

बनुबाईची बोटे फळीच्या कडेवरून फिरली. ही भिमाजीच्या पेटीची कड, ती बोटांनी ओळखली. मग बोटे आत सरकली. पहिले अक्षर सापडले. बोट त्याच्या पोटावरून गेले, पुन्हा मागे आले, पुन्हा गेले. आणि म्हातारी लहान मुलीसारखी हसली.

"मने! अगं, धचं पोट आजून तेवढंच मोठं काढतीस? राखंत बी असंच काढायचीस!"

मांडव हसला. मनकर्णेच्या डोळ्यांना धार लागली. छापील अक्षर असते तर ते नुसते वाचले गेले असते. हे ओळखले गेले. ज्या बोटाने तिचे बोट धरले होते, त्याच बोटाखाली आज तिची अक्षरे होती.

बनुबाई वाचू लागली. "धा... दिं... ता." ज्ञानेश्वरने पखवाजावर तळहात ठेवला आणि वाजवले. "किट धा." त्याने वाजवले. "न्हाई रे बाबा, किट हलकं. ह्यांचा हात तितं हलका हुता." त्याने पुन्हा हलके वाजवले. "व्हय! असंच." तिट कत गदि गन धा. एकदा जोडून झाले, दुसऱ्यांदा लयीत आले, तिसऱ्यांदा टाळांनी उचलले, आणि भिमाजीचा तुकडा भिमाजीच्या देवळात पुन्हा उभा राहिला. बनुबाईने फळीवर दोन्ही हात ठेवले आणि मान वर केली. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांपुढे काय होते ते आपण विचारू नये.

मग ती म्हणाली, "मने, तुझं बोट बरोबर जागंवरनं निघालं गं."

मनकर्णेने मनगटावरचा काळा दोरा पदराखाली घेतला आणि शेजारी बसलेल्या गोजरबाईचा हात धरला.  तिच्या मनात नावांची आरती चालली होती. राख देणारी, सून करून घेणारी, फोनवरून वाट दाखवणारी लेक, आणि ते मुके यंत्र, जे वेळ आली की बोलते.

हे मारुतीराया, हे पांडुरंगा, या मनकर्णेच्या हातातली धार नेहमी जागेवर पडो. तिच्या वाटेत अडथळा आला तर तो तिला आधी कळो आणि मग टळो. गोजरबाईला सुनेचा हात आणि सुनेला गोजरबाईची फुंकर पुष्कळ काळ लाभो. रामहरीचा टेम्पो सुखरूप घरी येवो, रेश्मा जिथे असेल तिथे तिला आपले घर ठाऊक असो. बनुबाईच्या बोटांना अक्षर आणि कानांना पखवाज कधी कमी न पडो. त्या पत्र्याच्या घरात चुलीला आग असो आणि ताटात राखही असो, कारण कोणाचे तरी बोट धरायचे अजून बाकी असेल. देवा, त्या घरावर तुझी नजर असू दे. तुझी नजर असली की दुसरी कोणतीही लागत नाही.